रक्तातल्या कांड्या

समस्त सोयरे, व्याही, विहिणी, शेजारी आणि वाडीच्या गोदामातील कामगारवर्ग यांस अत्यंत जड अंतःकरणाने व तितक्याच जबाबदारीने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या रक्तात एका प्रथिनाचा तुटवडा आहे. हा तुटवडा जन्मापासून आहे. तो लेखकास वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळला, आणि तोही एका अकरा दिवसांच्या माणसामुळे. सदर बातमी उभ्याने वाचणाऱ्यांनी कृपया खुर्ची घ्यावी.

तर मूळ गोष्ट अशी.

आम्ही विणकरांच्या घरातले. म्हणजे बाबांपर्यंत विणकर. मी नववीत असताना बाबांचा माग घरातून निघाला, त्या जागेत किरायेदार आला, आणि मी पुढे नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात चिकटलो. आता तिथे मॅनेजर आहे. माझं काम म्हणजे आलेल्या ट्रकची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, वाचायची आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचं, "यात जळणारं, फुटणारं, सांडणारं काही आहे का?" ड्रायव्हर नाही म्हणतो. मी ताडपत्री उचलून पाहतो. आजवर या एका प्रश्नावर माझा संसार चालला आहे, आणि धोकादायक मालाच्या बाबतीत नागपुरात माझ्याइतका सावध माणूस नाही असं मी अनेक लग्नांत माइक हातात घेऊन सांगितलेलं आहे. माइक दिसला की मला राहवत नाही, हा माझा आणखी एक जन्मजात दोष. त्याची तपासणी अजून निघालेली नाही.

माझी ताई इतवारीजवळ राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आमच्यात एक चाल आहे. पहिलटकरणीच्या बाळंतविड्यात सतरा वस्तू नव्या चालतील, पण बाळाचं पहिलं दुपटं मात्र आजोळकडच्या मागावर विणलेल्या जुन्या कपड्याचंच पाहिजे. ताईच्या सासरचा माग कधीच मोडीत गेलेला. म्हणून हा मान फिरत फिरत माझ्याकडे, म्हणजे बाळाच्या आईच्या मामाकडे आला, आणि मान माझ्याकडे आला की मी तो साधेपणाने घेत नाही.

माझ्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात आईचं शेवटचं लुगडं होतं. वांगी रंगाचं, रेशीमकाठी. विणलं बाबांनी, पण त्याच्या बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, एकूण एक कांडी भरली आईने. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती लहानशी नळी. चरख्यावर तिच्याभोवती सूत गुंडाळायचं आणि विणणाऱ्याच्या हाताशी ठेवायची. धोटा इकडून तिकडे धावतो, सूत संपतं, रिकामी कांडी काढायची, भरलेली घालायची. आई आता नाही. लुगडं होतं, आणि त्याला कसर लागू नये म्हणून मी पेटीत डांबराच्या गोळ्या टाकत होतो. बाबा म्हणायचे, पेटी उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं तर समजायचं कपडा सुरक्षित आहे. मी त्यांचा मुलगा. मी गोळ्या टाकत नाही, पेरतो.

ताईने लुगड्याच्या चार घड्या घालून सुरेख दुपटं शिवलं. ते धुतलं नाही, कारण काठाचा रंग उतरला असता. बाळ यायला महिना होता, तेवढ्यात कसर लागली तर काय घ्या, म्हणून मी ते पुन्हा पेटीत ठेवलं आणि वरून मूठभर गोळ्या अधिक घातल्या.

बाळ आलं. मुलगा. तिसऱ्या दिवशी मायलेक घरी आले, आणि मी ते दुपटं दोन्ही हातांवर धरून, जणू राज्याभिषेक आहे अशा चालीने खोलीत शिरलो. छोटंसं भाषण केलं. आई, बाबा, माग, धोटा, सगळ्यांचा उल्लेख झाला. भाचीची सासू उमरेडहून नातू पाहायला आली होती. ती कमी बोलणारी बाई आहे, आणि कमी बोलणाऱ्या विहिणीची मला फार भीती वाटते. ती खिडकीशी बसून ऐकत होती. भाषण संपल्यावर बाळाला दुपट्यात गुंडाळलं. त्याने ताबडतोब ते ओलं केलं. मी ती पोच समजलो.

सातव्या दिवशी बाळ पिवळसर दिसायला लागलं. त्यात काही नवल नाही, बरीच बाळं होतात, असं शेजारणींनी सांगितलं. ताई त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळून सकाळच्या उन्हात घेऊन बसायची. नवव्या दिवशी सकाळी मी गोदामात असताना भाचीचा फोन आला.

"मामा, हा दूध प्यायले उठून नाही राहिला."

"झोप लागली असंल बेटा."

"झोप नाही मामा. लंगोट पहा म्हणते मी. चहा सांडल्यासारखा डाग आहे."

मी बिल्ट्या तशाच टाकून निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळ निळ्या दिव्यांखाली होतं, डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगावर फक्त लंगोट. हळदीसारखं पिवळं, आणि त्या पिवळ्याच्या खाली पांढरंफटक. भाची भिंतीला टेकून उभी होती. ताई देवाचं पुटपुटत होती. विहीणबाई बाकावर बसल्या होत्या, आणि गप्प होत्या.

बालरोगाच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. माझ्या भाचीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने आम्हाला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, "काका, बाळाच्या लाल पेशी फुटतायत. का ते कळत नाहीये. आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळतोय, जंतुसंसर्ग दिसत नाही. दिव्यांनी पिवळेपणा आटोक्यात ठेवलाय. पण पेशी अशाच फुटत राहिल्या तर उद्या सकाळी त्याचं रक्त बदलावं लागेल. थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं करत जवळजवळ सगळं. एवढ्याशा जिवाला ते सोपं नसतं. म्हणून कारण सापडलं तर बरं."

थोडक्यात, आमच्या हातात उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता.

मग चौकशी सुरू झाली. बाळाला औषध दिलं? नाही. गुटी?

"गुटी देणारच होती मी," ताई म्हणाली, "पण या पोरीनं देऊ नाही देली. यूट्यूब पाहते ना ती."

"बरं केलं," डॉक्टर म्हणाली. "घरात काही केमिकल? रंग, फवारणी, ॲसिड?"

इथे मी पुढे झालो. छाती थोडी काढली असेल. "मॅडम, केमिकल कशाले म्हणतात ते मला विचारा. मी वाडीला गोदामाचा मॅनेजर आहे. आमच्या घरात असं काहीच नाही. तुम्ही लिहून घ्या."

तिने लिहून घेतलं.

दुपारी एका तपासणीचा कागद आला. जी-सिक्स-पी-डी नावाचं कुठलंसं प्रथिन. ते कमी असलं की लाल पेशी फुटतात म्हणे. कागदावर आलं: नॉर्मल. ताईने हात जोडले. मी भाचीच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरचा चेहरा मात्र खुलला नाही.

"ही टेस्ट आत्ता खोटी येऊ शकते," ती म्हणाली.

"मशीन खोटं बोलते?"

"मशीन नाही काका. उरलेल्या पेशी." तिने समजावलं ते असं. ज्या पेशींत हे प्रथिन कमी, त्या आधीच फुटून गेल्या. आता अंगात उरल्या त्या कोवळ्या, नुकत्या बाहेर पडलेल्या. कोवळ्या पेशीत प्रथिन भरपूर असतं. "वर्गातली सगळी कच्ची मुलं शाळा सोडून गेली आणि मग परीक्षा घेतली, तर निकाल चांगलाच लागणार ना? तीन महिन्यांनी पुन्हा करू, तेव्हा खरं कळेल."

म्हणजे कागद म्हणतो नाही, डॉक्टर म्हणते असेल, आणि खरं काय ते तीन महिन्यांनी. आणि रक्त बदलायचं उद्या सकाळी. मला घाम फुटला. आणि घाम फुटला की मी प्रश्न विचारतो.

"पण फुटून कशाने राहिल्या त्या?"

"एका अर्थी, ऑक्सिजनने."

मी भिंतीकडे पाहिलं. बाळाच्या दिव्याशेजारी ऑक्सिजनचा नळ होता, वर पाटी लावलेली. "मॅडम," मी गंभीरपणे म्हणालो, "मग तो नळ अगोदर बंद करा."

ती हसली नाही, याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. तिने एका कोऱ्या फॉर्मची मागची बाजू घेतली आणि एक गोल काढला. ही लाल पेशी. हिचं काम ऑक्सिजन वाहायचं. दिवसभर वाहता वाहता मधूनच एखादी ठिणगी उडते. ऑक्सिजनचंच एक बिघडलेलं, चवताळलेलं रूप. ते दिसेल त्याला चावतं. पेशीची कातडी, आतलं हिमोग्लोबिन, काहीही. म्हणून पेशीत पहारेकरी ठेवलेले असतात. तेही प्रथिनंच. एक प्रथिन ठिणगी पकडून तिचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं...

"थांबा," मी म्हणालो. "हायड्रोजन पेरॉक्साइड?"

"हो."

"ते निळ्या कॅनमध्ये येते, ते?"

"जखमेवर टाकल्यावर फेस येतो, ते."

आता सांगतो, आमच्या गोदामात पेरॉक्साइडचे कॅन आले तर मी ते आत घेत नाही. बाहेर शेडखाली, सावलीत, कागदाच्या गठ्ठ्यांपासून लांब. आणि ही बाई मला सांगत होती की ते माझ्या अंगात, रोज, बिल्टीशिवाय तयार होतं. मी खाली बसलो.

"घाबरू नका," ती म्हणाली. "ते टिकत नाही. दुसरी प्रथिनं लगेच त्याचं पाणी करतात. जखमेवर फेस येतो ना, तोही त्यांच्याचमुळे. तुमच्याच पेशींतलं एक प्रथिन त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करत असतं. फेस म्हणजे तो सुटलेला ऑक्सिजन."

"म्हणजे ऑक्सिजनने बिघडलं, ते दुरुस्त केलं, तर पुन्हा ऑक्सिजनच निघाला?"

"हो."

"चांगला की वाईट?"

"चांगला."

ताई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "हे पाय गा, तुले नाही समजून राहिलं तं डॉक्टरीणबाईले तरास नको देऊ."

पण मला सोडवेना. कारण डॉक्टर म्हणत होती की पहारेकरी बाळाच्याही पेशींत आहेत, ते धडधाकट आहेत, आणि तरी पेशी फुटतायत. पहारा आहे तर चोरी कशी? ती म्हणाली, एक ठिणगी विझवली की यांतली बरीच प्रथिनं स्वतः रिकामी होतात. त्यांना पुन्हा भरावं लागतं, तेव्हा कुठे ती पुढच्या ठिणगीला तयार. भरायचा माल पुरवण्याचं काम त्या जी-सिक्स-पी-डीचं. इतर पेशींना तो माल मिळवायचे आणखी मार्ग असतात, नवी प्रथिनंही करता येतात. लाल पेशीला यातलं काही जमत नाही. तिच्या आत केंद्रकच नसतं. निघताना जे दिलं तेवढ्यावर तिने चारेक महिने काढायचे. भरणाराच हळू असला, तर रोजचं कसंबसं निभतं. एकदम ठिणग्या वाढल्या की मात्र पहारेकरी रिकाम्या हाताने उभे.

आणि त्या क्षणी, मंडळी, मला दिसलं. मागावर बाबा बसले आहेत. हात चालू आहेत, पाय चालू आहेत, माग खडखडतो आहे. शेजारची टोपली रिकामी आहे. भरलेली कांडी नाही. बाबा कितीही कसबी असोत, रिकामा धोटा इकडून तिकडे फेकून कपडा होत नाही. आमच्या घरी लोक यायचे ते बाबांच्या हाताचं कौतुक करायला. चरख्यापाशी बसलेल्या आईकडे कोणी पाहत नसे. तिला ताप आला त्या आठवड्यात माग बंद होता, एवढं मला आठवतं.

"म्हणजे कांड्या भरून नाही राहिलं कोणी," मी म्हणालो.

डॉक्टरला ते लगेच समजलं नाही. भाचीला समजलं. ती पहिल्यांदा भिंतीपासून हलली आणि बाकावर येऊन बसली.

"पण ठिणग्या एकदम वाढल्या काहून?" तिने विचारलं. दिवसभरातला हा एकच शहाणा प्रश्न होता, आणि तो मी विचारला नव्हता.

डॉक्टर म्हणाली, काही गोष्टींनी वाढतात, मी एकेक विचारते. मलेरियाच्या काही गोळ्या, तू घेतल्यास? नाही. सल्फाची औषधं? नाही. बाकला नावाच्या शेंगा? ती शेंग आम्ही ऐकलीही नव्हती. बाळाला मेंदी?

"पोराले कोन मेंदी लावते वं बाई," ताई म्हणाली.

"कपड्यांत डांबराच्या गोळ्या?"

"हो, त्या तर आहेतच," मी म्हणालो. "पुढचं विचारा."

डॉक्टरने पुढचं विचारलं नाही. पेन खाली ठेवलं. "काका, मी सकाळी केमिकल विचारलं होतं."

"हो. म्हणून तर नाही म्हटलं. त्या केमिकल थोड्याच आहेत? त्या गोळ्या आहेत."

आता तुम्ही हसाल. मीही नंतर हसलो, बराच नंतर. पण माझ्या मनात त्या क्षणी खोटं काही नव्हतं. आमच्या घरात डांबराची गोळी हा कपड्याचा भाग आहे, जसा काठ असतो तसा. गहू आणायला गेलो तर पिशवी, लुगडं ठेवायला गेलो तर गोळी. ड्रायव्हरच्या ताडपत्रीखाली काय आहे ते मी उचलून पाहतो. पलंगाखाली काय आहे ते कोण पाहील?

डॉक्टरने शांतपणे सांगितलं. त्या गोळीची वाफ होते, वाफ कपड्यात मुरते, श्वासातून आणि कातडीतून आत जाते. अंगात तिचं रूप बदलतं आणि ते रूप ठिणग्या उडवत सुटतं. मोठ्या माणसाचं सहसा निभून जातं. बाळाची कातडी पातळ, यकृत कच्चं, आणि त्यातून कांड्या, हा शब्द तिने माझ्याकडे पाहून वापरला, कांड्या भरणारा जर हळू असेल, तर.

"दूध पाजायला बाहेर काढता तेव्हा बाळाला कशात गुंडाळता?" तिने भाचीला विचारलं.

भाचीने मांडीवरचं दुपटं वर केलं. आईचं लुगडं.

"हे आत्ताच्या आत्ता वॉर्डाच्या बाहेर. आणि घरून दुसरं काहीतरी मऊ, सुती घेऊन या."

मी धावलो. खरोखर धावलो. ऑटो केला, घर गाठलं, बायको दारात काय झालं विचारते आहे तिला बाजूला सारलं, आणि अर्ध्या तासात परत. हातात बाबांनी विणलेलं पांढरं उपरणं, मऊसूत, घडी न मोडलेलं. डॉक्टरने ते घेतलं, तोंडावरचा मास्क खाली केला आणि नाकाजवळ नेलं.

"हे कुठून आणलं?"

"पेटीतून," मी म्हणालो.

मी स्वतः ते उपरणं हुंगून पाहिलं. शपथेवर सांगतो, मला कसलाही वास आला नाही. ताईने हुंगलं, तिलाही नाही. आम्ही दोघं त्या वासात जन्मलो, त्यात अभ्यास केला, त्यातूनच लग्नाला उभे राहिलो. मासोळीला पाण्याचा वास विचारावा तसं ते होतं. शेवटी नर्सने दवाखान्याची धुतलेली हिरवी चादर फाडून दिली आणि आमच्या घराण्याच्या वारसाने ती विनातक्रार पांघरली.

संध्याकाळचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिनचा आकडा आणखी थोडा उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो होता तिथेच होता. डॉक्टर म्हणाली, थांबू. दुपारी पुन्हा तपासलं, तिथेच. म्हणजे पेशी फुटायच्या थांबल्या होत्या. रक्त बदलावं लागलं नाही. अकराव्या दिवशी बाळाने डोळ्यांवरची पट्टी स्वतःच्या हाताने ओढली आणि दुधासाठी असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. भाची हसत हसत रडली. मी रडलो नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते निराळ्या कारणाने, असं मी ताईला सांगितलं.

त्याच दिवशी डॉक्टरने विचारलं, "आईकडच्या पुरुषांपैकी कोणाला लहानपणी कधी अशी कावीळ झाली होती?"

ताईने बोट केलं. बोट माझ्याकडे होतं.

मी सातवीत असताना मला हिवताप आला. गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि मी पिवळा झालो, लघवी काळ्या चहासारखी. घरच्यांनी मला एका खेड्यात नेऊन गळ्यात काविळीची माळ घालून आणली. लहान लहान काड्यांची माळ असते, ती दिवसागणिक लांब होते आणि पायापर्यंत आली की कावीळ उतरली. माझी माळ बेंबीपर्यंत आली तेव्हा मी बरा झालो होतो. बाबांना वाटलं माळेत काहीतरी गडबड झाली. चाळीस वर्षं ही गोष्ट मी लग्नांत विनोद म्हणून सांगितली.

डॉक्टरने माझं रक्त घेतलं. मी धडधाकट असल्यामुळे माझ्या पेशी खरं बोलल्या. प्रथिन कमी. "हे मुलाला आईकडून येतं," ती म्हणाली. "बायका बहुतेक करून फक्त पुढे नेतात, त्यांना स्वतःला सहसा फारसं काही होत नाही." म्हणजे आईकडून मला, आईकडूनच ताईला, ताईकडून भाचीला, आणि भाचीकडून कदाचित या हिरव्या चादरीतल्या गृहस्थांना.

"पण मॅडम," मी म्हणालो, "माझी आई आख्ख्या गल्लीत सगळ्यात भराभर कांड्या भरायची."

"ते वेगळं, काका."

वेगळं आहे हे मलाही कळतं. तरी कळत नाही.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत गोंधळाचे. बाळ घरी होतं, गुटगुटीत होत होतं. पण ती तपासणी पुन्हा व्हायची होती. मी रोज सकाळी देवापुढे उभा राहायचो आणि काय मागावं ते सुचायचं नाही. प्रथिन कमी निघालं, तर कारण सापडलं, पुढे सांभाळता येईल, पण पोराच्या मागे ते जन्मभर लागणार, आणि त्याला रक्त बदलायच्या वेळेपर्यंत नेऊन ठेवणारा माणूस मी. प्रथिन पुरेसं निघालं, तर मी बराचसा सुटलो, पण मग पोराच्या पेशी फुटल्या कशाने? आणि पुन्हा फुटल्या तर? स्वतःच्या सुटकेसाठी नवस करावा की त्याच्या, आणि एकाचा केला तर दुसऱ्याचा मोडतो का, हे मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आधी ती पेटी उन्हात टाका." टाकली. गोळ्या वेचून बंद डब्यात घातल्या आणि घराबाहेर केल्या. पेटी महिनाभर गच्चीवर उघडी होती. आईचं लुगडं कितीदा धुतलं त्याला हिशेब नाही. काठाचा रंग उतरला.

तीन महिन्यांनी आम्ही सगळे त्याच बाकावर. भाची, ताई, उमरेडहून आलेल्या विहीणबाई आणि मी. बाळ माझ्या मांडीवर बसून माझ्या चष्म्याची दांडी चावत होतं. डॉक्टरने कागद आणला. प्रथिन कमी होतं. तिने टाळायच्या गोष्टींची यादी दिली, ती भाचीच्या, जावयाच्या आणि माझ्या मोबाइलमध्ये आजही आहे. बाकी पोरगं ठणठणीत आहे, म्हणाली. यादी सांभाळली तर शाळा, खेळ, लग्न, सगळं इतरांसारखं.

मग मी उभा राहिलो. माइक नव्हता, तरी उभा राहिलो. बाळाला काखेत धरूनच विहीणबाईंच्या समोर गेलो, कसेबसे हात जोडले, आणि तीन महिने तोंडात घोळवलेलं बोललो. की तुमच्या नातवाच्या रक्तातली ही उणीव आमच्या घरातून आली आहे. ते आमच्या हातात नव्हतं. पण ते दुपटं मी आणलं, गोळ्या मी घातल्या, आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा नाही असं ठासून मीच म्हणालो. इतका वास मारणारा कपडा मी बाळाच्या अंगावर घातला आणि घरातल्या एकाही माणसाला तो वास आला नाही. यात भाचीची चूक नाही, ताईची नाही. जे बोलायचं ते मला बोला.

ताईने पदर तोंडाला लावला. भाची सासूकडे बघत होती. विहीणबाई खाली पाहत होत्या. आता घराण्याचा उद्धार होणार अशी मी तयारी केली, मान थोडी पुढेही केली. त्यांनी बाळाला माझ्या हातून घेतलं, त्याच्या तोंडातून चष्म्याची दांडी सोडवली, ती मला परत दिली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या कमी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून एका दमात निघालं:

"मले तं पहिल्याच दिवशी वास आला होता, मामाजी, पण माहेरच्या बाळंतविड्याले नाव ठेवणारी सासू कोन म्हणवून घेईन?"